धावणे आणि सोसणे

१९२८ सालच्या ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेस ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिक क्रीडांगणावर नऊ स्त्रिया आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीसाठी उभ्या राहिल्या. ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत स्त्रियांना प्रवेश मिळाल्याचे ते पहिलेच वर्ष. जर्मनीची लीना राड्के २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली आणि तिने जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. तिच्या पाठोपाठ जपानची किनुए हितोमी आली. वास्तविक आठशे मीटर हे हितोमीचे अंतर नव्हे. ती लहान पल्ल्याची धावपटू आणि लांब उडी मारणारी. शंभर मीटरच्या अंतिम फेरीत तिला जागा मिळाली नाही, तेव्हा रिकाम्या हातांनी मायदेशी परतावयाचे नाही एवढ्या जिद्दीवर ती या शर्यतीत उतरली होती.

शर्यत सुरेख झाली, उच्चांक झाला. पण वर्तमानपत्रांत जे छापून आले ते निराळेच. एका अमेरिकन लेखकाने लिहिले की अकरा केविलवाण्या बायका धावत होत्या, त्यांतल्या पाच वाटेतच गळाल्या आणि पाच जणी फितीपाशी पोचून कोसळल्या. निकालपत्रक मात्र सांगते की धावल्या नऊ जणी आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. म्हणजे या गृहस्थांना दोन धावपटू अधिक दिसल्या आणि त्यांनी पाच जणींना वाटेतच बाद करून टाकले! धाप लागून कोणी गवतावर बसली असेल, कोणी आडवी झाली असेल. आठशे मीटर जीव खाऊन धावल्यावर पुरुषही आडवे होतात. परंतु बायकांचे ते धापा टाकणे पाहून अधिकारी मंडळी इतकी व्यथित झाली की पुढच्या, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यतच ठेवण्यात आली नाही. त्या वर्षी आणि १९३६ सालीही स्त्रियांना एकटीने धावावयाचे सर्वांत मोठे अंतर होते शंभर मीटर. आठशे मीटरची शर्यत त्यांना परत मिळाली ती १९६० साली, रोमला. म्हणजे बत्तीस वर्षांनी.

आता याच्या वीस वर्षे मागे जाऊ. १९०८ सालचे लंडनचे ऑलिंपिक, जुलैच्या चोविसाव्या तारखेची मॅरेथॉन. डोरांडो पिएत्री नावाचा ठेंगणा इटालियन मिठाईवाला सर्वांच्या पुढे क्रीडांगणात शिरला खरा, पण त्याची शुद्ध हरपत चालली होती. तो उलट्याच दिशेने वळला. लोकांनी त्याला सरळ केले. मग तो पडला, उठला, पुन्हा पडला. असा पाच वेळा पडला. शेवटच्या साडेतीनशे मीटरांना त्याला सुमारे दहा मिनिटे लागली. अखेर अधिकाऱ्यांनी त्याला हात देऊन फितीपार केले. दुसऱ्याची मदत घेतली म्हणून तो नियमाप्रमाणे बाद ठरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेझ याला मिळाले. पण त्या दिवसाचा वीर ठरला तो डोरांडोच. राणी अलेक्झांड्रा हिने दुसऱ्या दिवशी त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला, आणि त्याचे ते लटपटणारे छायाचित्र आजही क्रीडाविषयक पुस्तकांतून छापले जाते. पुरुषांनी मॅरेथॉन धावू नये, असे त्यावरून कोणी म्हटले नाही.

पुरुषाच्या वेदनेला पराक्रम म्हणावयाचे आणि स्त्रीच्या वेदनेला पुरावा, हा जो निवाडा झाला त्याची मुळे कोठे आहेत, आणि वेदनेचे माप घेणारे शास्त्र जन्मास आल्यावर त्या निवाड्याचे काय झाले, हा आजचा आमचा विषय आहे. विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहोत. श्रोत्यांमध्ये डॉक्टर मंडळी असतील त्यांनी आमचे बोट धरून ठेवावे.

मूळ शोधावयाचे तर १८७३ सालच्या बॉस्टन शहरात जावे लागते. त्या साली एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी मुलींच्या शिक्षणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. क्लार्क हे कोणी सोमेगोमे नव्हते. ते हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात अध्यापक होऊन गेलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शरीरातील शक्तीची पुंजी ठरलेली असते. ती मेंदूकडे खर्च झाली की गर्भाशयाला कमी पडते. म्हणून मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास करू नये, आणि दर महिन्याच्या त्या चार दिवसांत तर अभ्यास आणि अंगमेहनत दोन्हींपासून दूर राहावे. न राहिल्यास दुखणी जडतील, वेदना वाढतील, वंध्यत्व येईल. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ज्या बापांना मुलीच्या शिक्षणाचा खर्च जड वाटत होता त्यांना तर हा वैद्यकीय आधार फारच सोयीचा झाला असेल.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे त्याच राज्यात लोवेलच्या कापडगिरण्या होत्या, आणि तेथे मुली पहाटेपासून मागावर उभ्या असत. स्त्रियांना व मुलांना दिवसाला दहा तासांहून अधिक राबवू नये असा कायदा त्या राज्याने केला तो १८७४ साली, क्लार्क यांच्या पुस्तकानंतर वर्षाने. दहा तास ही तेथे सवलत होती! गिरणीतल्या मुलीला महिन्यातून चार दिवस विसावा द्यावा, असा आग्रह त्या मागांपाशी येऊन कोणी धरला नाही. विश्रांतीचे शास्त्र निघाले ते महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीसाठी.

आमच्याकडेही ‘बाजूला बसणे’ होतेच. फरक इतकाच की तेथे कारण वैद्याचे होते आणि येथे विटाळाचे. शेतावर मजुरीला जाणारीला मात्र ते चार दिवस क्वचितच मिळत. तिचा विटाळ मालकाच्या पिकाला बाधत नसे.

क्लार्क यांना उत्तर देणारी स्त्री न्यूयॉर्कमध्ये होती. तिचे नाव मेरी पटनम जेकोबी. प्रसिद्ध प्रकाशक जॉर्ज पटनम यांची ही कन्या. पॅरिसच्या वैद्यकीय विद्यालयाने स्त्रियांना दार उघडले, तेव्हा त्या पहिल्यांतल्या एक म्हणून ती तेथे गेली आणि १८७१ साली पदवी घेऊन परतली. हार्वर्डकडून बॉयल्स्टन पारितोषिक नावाचे वैद्यकीय निबंधाचे पारितोषिक दिले जाई. क्लार्क यांच्या पुस्तकाने उठलेल्या धुराळ्यात त्या पारितोषिकासाठी विषय ठेवला गेला तो असा की मासिक पाळीच्या काळात स्त्रियांना शारीरिक व मानसिक विश्रांतीची गरज असते काय, आणि असल्यास किती. निबंध निनावी पाठवावयाचा असल्याने तो कोणी लिहिला हे परीक्षकांना कळावयास मार्ग नव्हता. १८७६ साली पारितोषिक जाहीर झाले आणि ते जेकोबीबाईंना मिळाले. हे पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री. गंमत अशी की ज्या हार्वर्डने तिला गौरविले त्या हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात स्त्रियांना विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळावयास १९४५ साल उजाडावे लागले.

त्या निबंधाची पद्धती आमच्या मते त्याच्या निष्कर्षाहूनही मोलाची आहे. क्लार्क यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या मोजक्या आजारी मुलींच्या कहाण्या सांगितल्या होत्या. जेकोबीबाईंनी प्रश्नावली छापून स्त्रियांकडे पाठविल्या आणि २६८ जणींची उत्तरे मिळविली. पाळीत दुखते काय, किती दुखते, शाळेत असताना व्यायाम होता काय, रोज किती चालता येते, व्यवसाय काय, असे साधे प्रश्न. शिवाय नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्राने काही स्त्रियांच्या नाड्या महिनाभर तपासल्या, हातांतील बळ मोजले, उष्णतामान टिपले. एखादीला दुखते किंवा नाही हे ठरविण्यासाठी तिलाच विचारावे, ही कल्पना आज अगदी बाळबोध वाटते. त्या काळी ती नवी होती. ज्यांचे पोषण नीट आहे अशा स्त्रियांना विश्रांतीची गरज आहे असे पाळीच्या स्वरूपात काहीच आढळत नाही, असा तिचा निर्णय झाला. आणि त्रास कोणाला कमी होतो? तर लहानपणी जिची प्रकृती चांगली होती, शाळेच्या वयात जिला व्यायाम घडला, जिचे शिक्षण पक्के झाले आणि जिला काही नियमित उद्योग आहे, तिला. क्लार्क यांनी ज्याला रोगाचे कारण म्हटले होते त्यालाच बाईंनी आरोग्याचे कारण ठरविले.

एवढे झाले तरी क्लार्क यांचे पुस्तक खपत राहिले. जेकोबीबाईंच्या निबंधाला मान मिळाला, पण तो वाचला डॉक्टरांनी. मुलींच्या शाळांचे नियम, व्यायामाचे वर्ग, पुढे खेळांची मंडळे यांवर छाप राहिली ती क्लार्क यांच्या समजुतीचीच. ॲमस्टरडॅमच्या कुंपणाशी उभे राहून ज्यांनी नऊ जणींच्या अकरा केल्या, त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा त्याच समजुतीचा होता.

आणि या समजुतीच्या पोटात आणखी एक विसंगती होती. स्त्री दुबळी, तिला श्रम सोसवत नाहीत, हे एका तोंडाने म्हणावयाचे. दुसऱ्या तोंडाने म्हणावयाचे की सोसणे हाच तिचा धर्म. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतपणात प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज यांच्यासारख्या नावाजलेल्या प्रसूतितज्ज्ञांनी त्याला विरोध केला. प्रसूतीच्या कळा या निसर्गाच्याच योजनेतील आहेत, डॉक्टरला त्यांचा मार्गदर्शक म्हणून उपयोग होतो, असा त्यांचा पक्ष होता. १८५३ साली जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिले आणि मग विरोधाची धार बोथट होत गेली. आपल्या भाषेतला ‘सोशिक’ हा शब्दच पाहा. पुरुषाला तो लावला तर त्यात किंचित कीव असते, सुनेला लावला की ते प्रशस्तिपत्र होते! रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपण सारेच ऐकत आलो आहोत. रात्री दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली. कथा वात्सल्याची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण कडा उतरले ते पाय होते, रोज दुधाची घागर डोक्यावर घेऊन गड चढणारे आणि उतरणारे पाय. त्या पायांचे कौतुक केलेले आम्ही तरी फारसे ऐकलेले नाही.

असो. धावण्याची कथा पुढे नेऊ. ती पुन्हा बॉस्टनलाच येते. बॉस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालत आलेली. १९६६ साली रॉबर्टा गिब या तरुणीने प्रवेशासाठी अर्ज केला. तिला उत्तर आले की मॅरेथॉन धावणे हे स्त्रीच्या शरीराला शक्यच नाही. क्लार्क यांना जाऊन तेव्हा नव्वदाच्या जवळपास वर्षे झाली होती, पण हे वाक्य त्यांच्याच मुशीतले. गिब बॉस्टनजवळच्या हॉपकिंटन गावी गेली, सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत दबा धरून बसली आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांच्या गर्दीत मिसळली. ३ तास २१ मिनिटांत ती फितीपार गेली आणि निम्म्याहून अधिक पुरुष तिच्या मागे राहिले. पुढच्या साली कॅथरिन स्विट्झर हिने नावाची आद्याक्षरे देऊन रीतसर प्रवेश मिळविला. तिचा क्रमांक २६१. वाटेत एका अधिकाऱ्याने अंगावर धावून जाऊन तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला, त्याचे छायाचित्र जगभर गेले. तिने शर्यत पुरी केली. त्याच दिवशी गिब पुन्हा विनाक्रमांक धावली आणि स्विट्झरच्या सुमारे तासभर आधी पोचली, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते, कारण तिच्याशी कोणी झटापट केली नाही. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृतपणे घेतले ते १९७२ साली. ऑलिंपिकने १९८४ साली.

१९८४ च्या त्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे दोन प्रसंग या विषयाशी निगडित आहेत. पहिली आली अमेरिकेची जोन बेनॉइट, २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत. तिच्या गुडघ्यावर त्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर अवघ्या सतराव्या दिवशी ती निवड चाचणीची मॅरेथॉन धावून जिंकली होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सदतिसावी आलेली स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस. वय ३९. उन्हाने तिचा तोल गेला होता, एक हात लुळा पडल्यासारखा लोंबत होता, अंग एका बाजूस वाकले होते. शेवटच्या फेरीला तिला पावणेसहा मिनिटे लागली. डॉक्टर धावत जवळ आले तेव्हा तिने हातानेच त्यांना दूर सारले. हात लागला असता तर डोरांडोसारखी तीही बाद झाली असती. डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून पाहिले. तिला घाम येत होता. घाम येतो आहे याचा अर्थ शरीर अजून उष्णतेशी झगडते आहे, हे ओळखून त्यांनी तिला जाऊ दिले. ती फितीपार पोचताच कोसळली, आणि तिची प्रकृती लवकरच सावरली.

१९२८ साली अधिकाऱ्यांनी एक देखावा पाहिला आणि शर्यत बंद केली. १९८४ साली डॉक्टरांनी कातडीवरचा घाम पाहिला आणि स्त्रीला तिच्या मर्जीवर सोडले. छप्पन्न वर्षांत स्त्रीचे शरीर बदलले नव्हते. पाहणाऱ्याला काय पाहावे हे कळू लागले होते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. वेदना हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. ज्याची त्याला ती कळते, दुसऱ्याने मोजावी कशी? जखमेच्या आकारावरून मोजता येत नाही, हे हार्वर्डचे हेन्री बीचर यांनी १९४६ साली दाखविले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारले, तर सुमारे तीनचतुर्थांश जणांनी वेदनाशामक औषधाची गरज नाही असे सांगितले. जखम म्हणजे लढाईतून सुटका, जीव वाचला, असा अर्थ ज्याला लागतो त्याला ती कमी दुखते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी उपपत्ती मांडली की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते. ते किती उघडावे हे खालून येणाऱ्या इतर संवेदनांवर जसे अवलंबून असते, तसे वरून येणाऱ्या मेंदूच्या आज्ञेवरही. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी, अफूसारखे काम करणारी द्रव्ये शोधून काढली. चार वर्षांत ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंना दुखत कमी कसे, असा प्रश्न पुढे मांडला. धावताना लाभणारी ती धुंदी केवळ याच द्रव्यांची नाही, भांगेतील अंशासारखी दुसरी द्रव्येही शरीर तयार करते, असे अलीकडचे संशोधन सांगते. त्या तपशिलात आम्ही शिरत नाही.

येथे दोन मापांतला भेद मात्र ध्यानात ठेवणे जरूर आहे. दाब, उष्णता वा थंडी वाढवीत नेली असता ‘आता दुखू लागले’ असे माणूस ज्या क्षणी म्हणतो तो वेदनेचा उंबरठा. ‘आता पुरे, सोसवत नाही’ असे म्हणतो ती सहनशक्तीची मर्यादा. २०१२ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी तोवरचे पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंची सहनशक्तीची मर्यादा इतरांहून सातत्याने वरची आढळली. उंबरठ्याबाबत तसे ठामपणे म्हणता आले नाही. म्हणजे खेळाडूला दुखू लागते कदाचित आपल्याइतक्याच लवकर, पण तो त्या दुखण्याशी अधिक काळ राहू शकतो. यावर कोणीही शंका काढील की सोसणारी माणसेच खेळाकडे वळत असतील. म्हणून २०१४ सालचा ऑस्ट्रेलियातील एक छोटा प्रयोग उपयोगी पडतो. व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकल चालविण्यास लावले. त्यांचा उंबरठा होता तेथेच राहिला आणि सहनशक्ती वाढली. सायकल न चालविणाऱ्यांची वाढली नाही. प्रयोगात माणसे चोवीसच होती, तेव्हा त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण नॉर्वेतील ट्रोम्सो येथे दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांचे हात बर्फासारख्या पाण्यात बुडवून घेतलेले माप २०२३ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही त्याच दिशेला बोट दाखविते. सात-आठ वर्षांच्या अंतराने दोनदा तपासलेल्या या लोकांत जे हिंडतेफिरते राहिले त्यांनी हात अधिक काळ पाण्यात ठेवला, आणि ज्यांनी हालचाल वाढविली त्यांची सहनशक्तीही वाढलेली दिसली. पुरुषांत हा लाभ किंचित अधिक दिसला, परंतु स्त्रीपुरुषांतील हा फरक भरवसा ठेवण्याइतका नव्हता.

मग स्त्री आणि पुरुष यांच्यात वेदनेबाबत काहीच फरक नाही काय? तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रयोगशाळेत थंडी, उष्णता, दाब यांना स्त्रिया सरासरीने लवकर ‘पुरे’ म्हणतात, हे पुष्कळ अभ्यासांत आले आहे. अर्धशिशीसारखी दीर्घकाळची दुखणीही त्यांच्यात दुपटीतिपटीने अधिक आढळतात. मात्र सरासरी म्हणजे माणूस नव्हे. दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एखाद्या व्यक्तीचे केवळ माप पाहून ती स्त्री की पुरुष हे सांगता येणार नाही. शिवाय ज्या मापावर हे सारे उभे आहे ते माप निर्मळ आहे काय, हाही प्रश्न आहे. १९९१ साली लेव्हाइन आणि डी सिमोन यांनी तोच बर्फाच्या पाण्याचा प्रयोग एकदा पुरुष परीक्षकासमोर आणि एकदा स्त्री परीक्षकासमोर केला. स्त्री समोर असली की पुरुषांनी दुखणे कमी सांगितले! आम्हांस याचे फारसे नवल वाटले नाही. तालमीत खांदा उतरलेला मल्ल आईसमोर कण्हतो आणि मेहुणीसमोर हसतो, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. नवल वाटावे ते पुढचे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मोगिल आणि त्यांचे सहकारी यांना २०१४ साली असे आढळले की पुरुष संशोधक जवळ असला, किंवा त्याचा घातलेला सदरा नुसता जवळ ठेवला, तरी उंदीर भेदरतात आणि त्या भीतीत त्यांना दुखते कमी. उंदरांनाही पाहणारा कोण हे कळते.

आणि उंदीर तरी कोणते? वेदनेवरील एका प्रमुख नियतकालिकात दहा वर्षांत आलेले प्राण्यांवरील प्रयोग मोगिल यांनी तपासले, तो २००५ साली असे दिसले की शेकडा ७९ प्रयोगांत केवळ नर वापरले होते. माद्यांचे ऋतुचक्र प्रयोगात घोळ घालील, ही सबब. जेकोबीबाईंनी ज्या चक्राचा आलेख १८७६ साली चिकाटीने काढला तेच चक्र सव्वाशे वर्षांनी अडचण म्हणून टाळले जात होते! २०१५ साली याच मंडळींनी दाखविले की मज्जारज्जूतील एक प्रकारच्या पेशी नरांत वेदना टिकवून धरतात, पण माद्यांत वेदना तेवढीच असूनही ते काम निराळ्या पेशी करीत असाव्यात. नरांवरून शोधलेले औषध मादीला लागू पडेलच असे नाही, हा त्याचा व्यवहारी अर्थ. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रयोगांत नर आणि माद्या या दोन्हींचा विचार करण्याचा दंडक घातला.

हे सारे विद्वानांचे वाद आहेत, आम्हांला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर २००८ साली फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयातील तातडीच्या विभागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो ऐकावा. पोटात तीव्र दुखते म्हणून आलेल्या स्त्रीपुरुषांनी आपली वेदना सारखीच सांगितली होती. वेदनाशामक औषध मिळावयास पुरुषांना ४९ मिनिटे लागली आणि स्त्रियांना ६५. जी सोळा मिनिटे स्त्रीने अधिक काढली ती तिच्या पोटात नव्हती, पाहणाऱ्याच्या मनात होती. आपल्याकडच्या रुग्णालयांत घड्याळ लावून कोणी बसले तर काय दिसेल? आमचा तर्क आम्ही आमच्यापाशीच ठेवतो. पण घरातल्या बाईने ‘थोडे दुखते आहे’ म्हटले की आपण किती मिनिटांनी उठतो, एवढे ज्याचे त्याने मोजावे.

जेकोबीबाईंच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? पाळीच्या वेदनेवर व्यायामाचा परिणाम पाहणारे दहा प्रयोग, त्यांत ७५४ स्त्रिया, असे सर्व एकत्र करून २०१९ साली त्यांचे परीक्षण झाले. आठवड्यातून तीन वेळा, पाऊणएक तास व्यायाम केल्यास वेदना बऱ्याच कमी होत असाव्यात, असे त्यातून निघाले. पुरावा अजून कच्चा आहे, हेही परीक्षकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. १४३ वर्षांनी एवढेच म्हणता यावे यात बाईंच्या निबंधाचे उणेपण नाही. इतकी वर्षे तो प्रश्न हाती घेण्यास फारसे कोणी आले नाही.

ज्यांना धावू दिले नाही त्यांची सहनशक्ती न धावण्यावरून ठरविली गेली, आणि धावण्यानेच जी वाढते ती त्यांना मिळविता आली नाही. दार उघडले तेथे मात्र मुली तातडीने पोचल्या. तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथम मिळाली ती २००८ साली. आठ वर्षांनी, २०१६ साली रिओमध्ये, साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर त्या शर्यतीची अंतिम फेरी धावली आणि जगात दहावी आली. माणच्या दुष्काळी वाटांवर मुलींचे पाय चालत होते ते काही २००८ पासून नव्हे.

शेवटी पुन्हा त्या हितोमीकडे येतो. ॲमस्टरडॅमनंतर ती धावत राहिली, देशोदेशी सामन्यांना जात राहिली. १९३१ साली न्यूमोनियाने ती गेली तेव्हा तिचे वय अवघे २४ होते. तारीख होती २ ऑगस्ट, त्या आठशे मीटरच्या शर्यतीला बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली तो दिवस. तिच्यानंतर जपानच्या स्त्रीला मैदानी खेळांत ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९२ साली बार्सिलोनात. युको आरिमोरी ही हितोमीच्याच ओकायामा प्रांतातली. ती मॅरेथॉन धावली आणि आठ सेकंदांनी सुवर्ण हुकून दुसरी आली. पुढे तिच्या दोन्ही टाचांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९९६ साली अटलांटाला ती पुन्हा उभी राहून तिसरी आली. बार्सिलोनात ती संध्याकाळी फितीपार झाली तेव्हा तेथे तारीख १ ऑगस्ट होती. जपानात मात्र मध्यरात्र उलटून गेली होती आणि २ ऑगस्ट उजाडली होती.